डांबरावर सस्पेन्शन कशाला?

सायकल चालवायची डांबरी रस्त्यावर आणि निवडायची काय? पुढे-मागे सस्पेन्शन, जाडजूड खाचांचे टायर! का, तर दिसते भारी. अहो, स्वस्तातला तो स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) अडीच किलोच्या आसपास भरतो, आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की तुमचाच जोर गिळतो. साधा फोर्क आणि ३५-४० मिमीचे गुळगुळीत टायर असलेली हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, घ्या ना!

बरं, सायकल कुठलीही घेतलीत, तरी हवा तरी भरा. ट्यूबमधून ती आपोआप झिरपते. आठवड्यातून एकदा पंप लावायलाच हवा. कमी हवेवर खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. खापर मात्र रस्त्यावरच्या काचेवर! काचेनं सहसा एकच पडतं हो.