'विशेषणांची खिरापत' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

पुण्याच्या पाताळेश्वर लेण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "विशेषणांची नुसती खिरापत वाटली आहे. चांगल्या लेखकाला विशेषणं लागत नाहीत. शाळेतला निबंध वाचल्यासारखं वाटलं. बाई, जरा कमी लिहीत जा." शिवाय लेख लांबलाय आणि फोटो कमी आहेत, हेही सांगितलंत.

आधी त्या 'बाई'बद्दल. मी शाळेत मराठी शिकवलंय, मुलं मला बाईच म्हणायची. त्या हाकेत माया असायची. आपण ती कोणत्या सुरात मारलीत, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. टीका जरूर करा, पण ज्या माणसाशी आपली ओळखदेख नाही त्याला 'कमी लिहीत जा' हे सांगायची कुठली पद्धत? आणि शाळेतल्या निबंधाला नावं ठेवण्याआधी एवढं ऐका: मुलांनी 'खूप छान' लिहिलं की मी त्याखाली रेघ मारून 'छान म्हणजे कसं?' असं विचारत आले. तोच प्रश्न मी स्वतःच्या प्रत्येक वाक्याला विचारते.

एक गोष्ट मान्य. 'भव्य' दोनदा आला होता. दोन्ही काढलेत.

आता तुमचं ते वाक्य. चांगल्या लेखकाला विशेषणं लागत नाहीत, हे कुणी ठरवलं? काळाकुट्ट अंधार, काळेभोर केस, काळाकभिन्न कातळ. रंग एकच, पण यांची अदलाबदल करून बघा, मराठी कानाला लगेच खटकेल. सदरा पांढराशुभ्र असतो आणि भीतीने चेहरा पांढराफटक पडतो. इतकं बारीक वाटून ठेवणाऱ्या भाषेत विशेषणं टाळत लिहिणं मला करंटेपणा वाटतो.

आश्चर्य वाटायला लावणारं लिहिताना कोणता शब्द घ्यायचा, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रस आहे, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय. आणि रसाचं नाव थेट घेणं हा पुढच्या काव्यशास्त्राने दोषच मानला, 'स्वशब्दवाच्यत्व' या नावाने. 'अद्भुत' लिहिल्याने वाचकाला अद्भुत वाटत नाही. ते जिच्यामुळे वाटतं ती वस्तू त्याच्यापुढे ठेवावी लागते. माझ्या लेखात अद्भुत, विस्मयकारक, अवर्णनीय यांतला एकही शब्द नाही. शोधून दाखवा.

मग आहे काय? नंदीच्या मंडपाला मी 'गोल' आणि 'अखंड' म्हटलंय. गोल, कारण मागे लेण्यात चौकोनी खांबांच्या सरळ ओळी आहेत आणि त्यांच्यासमोर अंगणात हा वर्तुळाकार मंडप. अखंड, कारण तो बांधलेलाच नाही. ८व्या शतकातल्या कारागिरांनी भोवतालचा बेसॉल्ट काढून टाकला आणि जो राहिला तो मंडप. खांब आणि छत एकाच कातळाचे, कुठे सांधा नाही. हा शब्द खोडलात तर जंगली महाराज रस्त्यावरून पहिल्यांदा आत येणाऱ्याला वाटेल, दगड आणून रचले असतील.

तिसरं विशेषण लेण्याला लावलंय, 'अपुरं'. तिथे आधी 'प्राचीन' होतं. प्राचीन कुठल्याही देवळाला चालतं. 'अपुरं' वाचल्यावर मात्र माणूस थबकतो, कुणीतरी छिन्नी खाली ठेवून निघून गेलं हे त्याच्या लक्षात येतं, आणि 'का?' हे तो स्वतःच विचारतो. त्या एका शब्दासाठी मी दोनदा तिथे जाऊन बसले. तुमच्या लेखी ती खिरापत!

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ भरायची, आणि मजकुरात एक शब्द वाढला की पुढच्या ओळी पुन्हा मोडायच्या. शब्द फुकट मिळत नाही हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही, तेव्हा तुम्हीही तसदी घेऊ नका.

तुमच्या मताचे एक संपादक मला पूर्वी भेटलेत. त्यांच्या पुरवणीत लोणारवरचा माझा लेख विशेषणं सरसकट कापून छापला. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेला जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा, तळाशी खारं सरोवर आणि त्याच्या काठाला गोड्या पाण्याचा झरा, असं मी लिहिलं होतं. छापून आलं ते 'सरोवर' आणि 'झरा'. असं सरोवर आणि असा झरा कुठल्याही तालुक्यात सापडेल. खारं आणि गोडं हे शब्द एकमेकांशेजारी होते म्हणून वाचणारा दचकला असता. ते गेले आणि लोणारही गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

लांबीबद्दल आणि फोटोंबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्यांना फोटो हवेत त्यांनी फोटो बघावेत.

राहता राहिली खिरापत. 'भव्य' सोडून त्या लेखातलं एक तरी विशेषण इथे लिहा, जे काढल्याने काहीच बिघडत नाही. आणि ते काढून वाक्य कसं वाचायचं, तेही लिहा.