एकच एपिसोड बघते आणि झोपते

आधी अभिनंदन. कोरियन लव्हस्टोऱ्या बघायला सुरुवात करायची असं तुम्ही ठरवलंय म्हणजे तुमचं सध्या बरं चाललेलं दिसतंय, झोप होतेय, डोळे कोरडे आहेत आणि नवऱ्यात काही मोठी कमी आहे असं अजून तरी तुमच्या लक्षात आलेलं नाही. हे सगळं घालवायचंच आहे तर मग ते नीट, पद्धतशीर घालवा. नाहीतर बऱ्याच बायका काय करतात, अर्धा एपिसोड बघतात, "अगं सगळे सारखेच दिसतात" म्हणतात आणि परत साडेसातच्या आपल्या सासू-सुनांकडे जातात. अशाने कुणाचंच नुकसान होत नाही.

सुरुवात नेहमी रात्री करावी. जेवणं आटपली, ओटा पुसला, दूध विरजलं, की साडेदहाच्या सुमाराला सोफ्यावर मांडी घालून "एकच एपिसोड बघते आणि झोपते" हे घरातल्या कुणालातरी ऐकू जाईल असं म्हणायचं. साक्षीदार लागतो. एपिसोड सव्वा तासाचा असतो आणि असे सोळा असतात हे आधी कुणी सांगत नाही. लहानपणी सवायकी पाठ केलेल्यांनी हिशोब करून घ्यावा, सोळा सव्वे वीस, वीस तास. आपल्याकडे वीस तासांत एक मंगळागौर उरकत नाही आणि इथे तेवढ्यात ओळख, भांडण, प्रेम, पांढऱ्या ट्रकची धडक, स्मृती जाणे, स्मृती येणे, ताटातूट आणि मीलन असं सगळं होऊन वर शेवटच्या भागात आजूबाजूच्या पात्रांचीही लग्नं लावून देतात.

पहिली कुठली बघू म्हणाल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' बघा, बहुतेकींचा आजार तिथूनच सुरू झालाय. कोरियात ती २०१९ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२० च्या फेब्रुवारीत संपली आणि लगेच इथे आपण लॉकडाऊनमध्ये अडकलो, म्हणजे दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या आणि उरलेल्या वेळात सीमेपलीकडच्या कॅप्टनवर प्रेम करायचं, एवढंच काम होतं. गोष्ट अशी की सोलमधली एक गडगंज श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते, उडत उडत थेट उत्तर कोरियात जाऊन झाडाला लटकते आणि त्या झाडाखाली नेमका एक उंच, देखणा, बिनलग्नाचा कॅप्टन उभा असतो. शेजारी इंजिनियर नवरा असेल तर तो इथे विचारणार, "यांच्याकडे रडार नाही का?" त्याला लगेच गॅस बंद आहे का ते बघायला पाठवा.

हा कॅप्टन तिच्यासाठी घरी नूडल्स करतो, पाकिटातल्या नाही, पिठापासून. तिला कॉफी लागते म्हणून कच्च्या बिया आणून भांड्यात भाजतो, दळतो, गाळून देतो. बाजारात ती हरवते, अंधार पडलेला असतो, ती रडकुंडीला आलेली असते आणि तेवढ्यात गर्दीत एक हात वर येतो, हातात पेटलेली मेणबत्ती, तीसुद्धा सुगंधी, कारण मागे एकदा ती म्हणाली होती की मला सुगंधी हवी होती. इथे मान वळवून शेजारी बघायचं नाही हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. मी बघितलं. शेजारी टीपॉयवर पाय टाकून शेंगदाणे खाणं चाललं होतं, सालं एका बाजूला, असं म्हणायला एका बाजूला. गणपतीच्या आधीच्या रविवारी मीपण तुळशीबागेत हरवले होते. फोन आला, "अगं कुठेयस? मी गाडी काढलीये, लवकर ये, मागचे हॉर्न मारतायत." सुगंध येत होता, नाही असं नाही, शेजारी अगरबत्तीवाला होता.

पण मला जे लागलं ते टोमॅटोचं रोप. कॅप्टन तिला एक टोमॅटोचं रोप देतो आणि सांगतो की याच्याशी रोज दहा छान शब्द बोल, मग ते नीट वाढेल. बाई खरंच बोलते. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत. आमच्याकडे टोमॅटो नाही, कढीपत्ता आहे, दोन वर्षं झाली तरी गुडघ्याएवढाच. मी कुंडीशेजारी बसले आणि सुरू केलं, "किती गोड आहेस रे तू. दमलास का? आज काय टवटवीत दिसतोयस." आतून नवऱ्याचा आवाज आला, "कोण, मी?" आता इथे मी काहीही उत्तर देऊ शकले असते. बावीस वर्षांचा संसार आहे. पण तोंडातून आलं, "नाही, कढीपत्ता." तो "हां, बरोबर" म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये गेला. त्या "बरोबर"वर मी तीन दिवस विचार करत होते. तुम्ही करू नका, एपिसोड मागे पडतात.

उलट एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे नवऱ्याला दोष द्यायला सोपं जाईल. या सिरीयलच्या लेखकांच्या टीममध्ये उत्तर कोरियातून पळून आलेला एक माणूस होता, त्यामुळे तिथली वीज जाते ते खरं, जमिनीतला किमचीचा, म्हणजे मसाल्यात आंबवलेल्या कोबीचा, खड्डा खरा, बाजारात चोरून विकलं जाणारं दक्षिणेचं सामान खरं. सगळं खरं, फक्त कॅप्टन खोटा. तो लिहिलाय पार्क जी-उन या बाईंनी. मला वाटतं असा पुरुष बाईलाच लिहून काढावा लागतो, तयार मिळत नाही. आता ज्या देशातून सगळ्या जगाला पुरतील एवढे स्वप्नातले नवरे निर्यात होतात तिथली परिस्थिती बघा, २०२३ साली दक्षिण कोरियात एका बाईमागे मुलांचं प्रमाण ०.७२ होतं, जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी एक. घरं महाग, नोकरी रात्री उशिरापर्यंत, शिकवण्यांचा खर्च अशी कारणं हुशार लोक सांगतात आणि ती असतीलच, पण माझा अंदाज, सिरीयल संपल्यावर तिथल्या बायकाही एकदा मान वळवून शेजारी बघत असणार.

दुसरा नियम, दुसऱ्या हिरोवर जीव लावू नका. प्रत्येक सिरीयलीत एक असतो. हा पहिल्यापेक्षा जास्त हसतो, छत्री घेऊन आधी पोचतो, तिला ताप आला तर हा डॉक्टरकडे नेतो, आणि तेराव्या भागात त्याला ऐकावं लागतं की तू माझा फार चांगला मित्र आहेस. पहिला हिरो तोवर भिंतीला टेकून तोंड पाडून उभा असतो, त्याच्या बालपणी काहीतरी झालेलं असतं. आपल्याला अर्थातच दुसरा आवडतो, कारण आपण प्रेक्षक म्हणून बघतच नसतो, आपण मुलगी द्यायची आहे अशा नजरेने बघतो, स्वभाव चांगला, नोकरी बरी, आई-वडलांशी नीट बोलतो. 'क्रॅश लँडिंग'मधल्या दुसऱ्याचं काय होतं ते मी सांगणार नाही. फक्त त्या दिवशी रुमालाऐवजी पंचा घेऊन बसा.

भाषेचं म्हणाल तर दोन सिरीयलींनंतर आपल्याला कोरियन येतं असं वाटायला लागतं, हा आजाराचा मधला टप्पा. पण सांभाळून. त्यांचं 'ने' म्हणजे हो, आणि 'आनी' म्हणजे नाही. म्हणजे आपण 'आणि' म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो आणि तिकडे लग्न मोडलेलं असतं. 'चिंचा?' म्हणजे 'खरंच?', आपल्याला वाटतं बाई कधीपासून चिंचा मागतेय म्हणजे नक्की दिवस गेलेत. 'अप्पा' म्हणजे बाबा, 'आयगू' म्हणजे जवळपास आपलं 'आई गं', उठता बसता गुडघ्यातून निघणारं, त्याला सबटायटल लागत नाही. 'ओप्पा' मात्र घरात वापरू नका. तिथल्या मुली सख्ख्या मोठ्या भावालाही ओप्पा म्हणतात आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाही, आणि तिथे कुणालाच त्यात काही वाटत नाही. आपल्याकडे भाषांतर करून बघा म्हणजे कळेल, राखीपौर्णिमेला केवढा घोळ होईल. मुलं हसली तर त्यांना सांगा की २०२१ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीने सव्वीस कोरियन शब्द एका दमात घेतले त्यात 'ओप्पा' आहे, तुझ्या इंग्लिश मीडियमच्या वरताण. गप्प बसतात.

आता घरच्या मोठ्यांचा प्रश्न. या सिरीयलींमध्ये सात-आठ भाग कुणी कुणाला हातही लावत नाही, फार तर मनगट धरून ओढतात किंवा दारू चढलेल्या हिरॉइनला पाठुंगळी घेऊन चढ चढतात (याचा घरी प्रयोग करू नये, आमच्याकडे करायला लावला होता, कमरेचा पट्टा अजून कपाटात आहे). मग एकदाचा तो किसचा सीन येतो, हिरॉइन डोळे टक्क उघडे ठेवून पुतळ्यासारखी उभी, मागे गाणं, आणि कॅमेरा चार बाजूंनी चारदा तेच दाखवतो. नेमक्या ह्याच वेळी सासूबाई पाणी प्यायला उठतात. रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला असतो. माझ्या सासूबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या, सीन चौथ्यांदा संपेपर्यंत, मग म्हणाल्या, "लग्न नाही झालं अजून यांचं?" मी म्हटलं, "नाही आई." "कितवा भाग?" "आठवा." त्यांनी तांब्या टीपॉयवर ठेवला आणि बसल्या. तेव्हापासून माझ्या हातात रिमोट नाही.

त्यांना हिरोशी घेणंदेणं नाही. त्यांना कॅप्टनच्या गावातल्या बायका आवडतात. किमची घालायचा सीन त्यांनी तीनदा लावायला लावला, आठ-दहा बायका गोल बसल्यात, कोपरापर्यंत हातमोजे, लांबुळक्या कोबीच्या एकेका पानाला लाल मसाला चोळतायत आणि तोंडाने अखंड दुसऱ्यांच्या घरचं चालू आहे. "हे वाळवणच की," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही चैत्रात कुरडयांचा चीक शिजवायला घ्यायचो तेव्हा असंच, अर्ध्या गल्लीची लग्नं त्या चिकावर ठरायची." मी सांगितलं की हिवाळ्याच्या तोंडाला सगळ्यांनी मिळून किमची घालायच्या या पद्धतीला किमजांग म्हणतात आणि २०१३ साली युनेस्कोने दक्षिण कोरियाचं किमजांग वारशाच्या यादीत घातलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कुरडयांना कोण विचारतंय." आणि स्क्रीनकडे निरखून बघत, "मीठ कमी पडलंय त्या कोबीला."

असो. मधेच हिरॉइन सँडविचच्या दुकानात गेली तर गोंधळू नका. दक्षिण कोरियात २०१० पासून कार्यक्रमात पैसे घेऊन वस्तू दाखवायला रीतसर परवानगी आहे, त्यामुळे कितीही हृदय तुटलेलं असलं तरी बाई सबवेमध्ये जाऊन कुठला ब्रेड, कुठला सॉस हे शांतपणे सांगते, आणि मगच रडते. श्रीमंत हिरोची आई पैशांचं पाकीट पुढे सरकवून "माझ्या मुलाला सोड" म्हणते आणि ही गरीब पोरगी ते परत करते, तेव्हा टीव्हीशी भांडू नका, मी भांडून बघितलंय, ती ऐकत नाही. घे की बाई, वन बीएचकेचं डाऊन पेमेंट होतंय, मुलगा काय, तो सोळाव्या भागात तसाही परत येणार आहे.

पहिल्या बर्फाचं वेड तर अजिबात लावून घेऊ नका. वर्षाचा पहिला बर्फ पडताना जे दोघं बरोबर असतात त्यांचं प्रेम टिकतं अशी तिकडे समजूत आहे. आपल्याकडे पर्याय म्हणून महाबळेश्वर आहे, वेण्णा तलावाकाठी एखाद्या डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जीपच्या टपावरून खरवडलेल्या बर्फाचा फोटो येतो. ते बघायला पहाटे पाचला उठावं लागतं. मी विचारलं. उत्तर आलं, "फ्रीझर डीफ्रॉस्ट करायचाय कधीपासून, त्यात बघ."

सोळावा भाग संपला की रिकामपण येतं, भाजीला चव लागत नाही, गाणी ऐकत भांडी घासली जातात. अशा वेळी लोक गुगल करतात. करा. त्या कॅप्टनने आणि त्या श्रीमंत बाईने, म्हणजे ह्यून बिन आणि सोन ये-जिनने, ३१ मार्च २०२२ ला खऱ्या आयुष्यात लग्न केलं. मी ऑफिसात मार्च एंडिंगची व्हाउचर्स जुळवत होते आणि डोळ्यातून पाणी, शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना वाटलं टोटल लागत नाहीये. पुढची पायरी म्हणजे स्वित्झर्लंड. ज्या जेट्टीवर कॅप्टन पियानो वाजवतो ती इझेल्टवाल्ड नावाच्या छोट्याशा गावात आहे, आणि बघायला येणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की २०२३ पासून गावाने जेट्टीवर पाऊल ठेवायचे पाच फ्रँक लावले. आपले पाचशेच्या आसपास. हे घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, "आणि पियानो?" मी म्हटलं, पियानो नाहीये, तो शूटिंगपुरता होता. "मग मांडव्याच्या जेट्टीला जाऊ ना, बरोबर भजी मिळतात."

सध्या नवीन सिरीयल चालू आहे, सासूबाई चौथ्या भागावर आहेत, मला सहावा दाखवत नाहीत. कढीपत्ता मात्र माझ्या छातीपर्यंत आलाय, खरंच. पोह्यांना लागतो म्हणून तोडावा लागतो, तोडताना 'मिआने' म्हणते, म्हणजे सॉरी. परवा कुंडीत पाणी आधीच घातलेलं होतं. कुणी घातलं ते मी विचारलं नाही, सालं मात्र तिथेही पडली होती, शेंगदाण्याची.