गाळाचा खर्च कुठे धरलाय?

‘सल्फ्युरिक अ‍ॅसिडची पद्धत स्वस्त, हरित पद्धती महाग’ हे नॅनोसेल्युलोज (कापूस, लाकूड यांतल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) बनवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं सांडपाणी प्रक्रियेचं काम पाहिलं. अ‍ॅसिड स्वस्तच असतं हो, पण ते आत येताना! नॅनोसेल्युलोजच्या रूढ कृतीत एक ग्रॅम सेल्युलोजला 64 टक्क्यांचं अ‍ॅसिड 8-10 मिली लागतं. मग ते धुवायला पाणी, आणि ते पाणी शमवायला चुना. एक किलो शुद्ध अ‍ॅसिड शमवलं की जवळजवळ पावणेदोन किलो जिप्सम पडतं, तेही ओलं. तो गाळ फिल्टर प्रेसमधून काढून गोण्या भरणारी माणसं मी रोज पाहिली आहेत, पावसाळ्यात तर फारच हाल. हा खर्च लेखात कुठेच नाही.

हरित पद्धतींपैकी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची वापरली तर द्रावण थंड करून त्याचे स्फटिक बरेचसे परत मिळतात, पुन्हा वापरता येतात. एन्झाइमला वेळ जास्त लागतो, पण अ‍ॅसिडचा गाळ नाही. तुलना करायची तर कारखान्याच्या मागच्या दारापर्यंत करा. माटुंग्याच्या सिरकॉटमध्ये (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत) कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा पथदर्शी प्रकल्प आहे, लेखकांनी तिथे एकदा जरूर जावं.