पू दिसतोय, मग लॅब कशाला?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तात्यांच्या तळपायाची जखम तीन महिने झाले तरी भरत नाही. डॉक्टरांनी कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जखमेतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची तपासणी, लिहून दिली, तेव्हा दादाने घरच्या ग्रुपवर लिहिले, ‘पू डोळ्यांना दिसतोय, मग लॅबचा खर्च कशाला? स्ट्राँग गोळी सुरू करा.’ इंग्लंडमध्ये लीड्सला बसून ते वाचल्यापासून माझा संताप उतरलेला नाही.

पू दिसतो, जंतू दिसत नाही. तो स्टॅफिलोकोकस आहे की सुडोमोनास, यावर औषध ठरते, कारण पहिल्यावर चालणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांना दुसरा दाद देत नाही. शिवाय नमुन्याआधी गोळी पोटात गेली, तर खरा जंतू कल्चरमध्ये वाढेलच असे नाही. नमुनाही वरवरचा पू टिपून घ्यायचा नसतो. जखम सलाइनने धुऊन, मेलेला थर काढून, तळाची ऊती खरवडून घेणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल, तर स्वच्छ केलेल्या जागी सुमारे एक चौरस सेंटिमीटरवर स्वॅब, म्हणजे नमुना टिपायची कापसाची काडी, दाबून पाच सेकंद फिरवतात, म्हणजे आतली ओल वर येते.

‘इथे आपल्या मनाने अँटिबायोटिकची एक गोळी घेता येत नाही,’ असेही मी दादाला सुनावले. मात्र इथल्या शेजारच्या आजींच्या पायाचा जुना व्रण बांधायला घरी येणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सने आजवर स्वॅब घेतलेला नाही, हे सांगायचे मी टाळले. पू, लाली, सूज, ऊब, वाढती वेदना यांपैकी काहीच नसेल, तर तपासणी नकोच. जुन्या जखमेत जंतू असतातच, आणि उगाच केलेले कल्चर उगाच औषध द्यायला लावते. तात्यांच्या पावलावर लाली पसरते आहे, म्हणून डॉक्टरांचे बरोबर आहे. तरीही अर्धीच गोष्ट सांगून मी वाद जिंकू पाहत होतो.

खरे तर ती जखम मी फोटोतच पाहिली आहे. चिकटलेले गॉज सलाइनने भिजवून, कडेकडेने सोडवत, रोज सकाळी ड्रेसिंग वहिनी करतात. रिपोर्ट आला, तर निदान तो वाचून मला त्या घरात काही बोलता येईल. या हट्टामागे हेही आहे.

काल वहिनींना फोनवर विचारले, जखमेला वास येतो का? ‘दोन दिवसांपासून येतोय, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ग्रुपवर ते कोणीच लिहिले नव्हते. उद्या तात्यांना नमुना द्यायला दादाच रिक्षाने नेणार आहे.