त्या मुलीला घरी बसवून काय साधणार आहात?

आज दुपारी ऑफिसात डबे उघडले होते. एक मैत्रीण सांगत होती, तिच्या लेकीच्या वर्गातल्या, म्हणजे नववीतल्या, एका मुलीच्या हातावर स्वतःला इजा करून घेतल्याच्या खुणा दिसल्या. बाईंनी सगळ्या वर्गादेखत तिला बाही वर करायला लावली. मग आईला बोलावून सांगितलं, "बरी होईपर्यंत घरीच ठेवा हिला, बाकीच्या मुलींवर परिणाम होतो." त्यावर आमच्या टेबलावर जे सुरू झालं ते ऐकून माझा घास घशाखाली उतरेना. "हल्ली फॅशनच आहे ही." "लक्ष वेधून घ्यायचं असतं, दुसरं काय!" "आमच्या वेळी दोन धपाटे बसले की सगळं जागेवर यायचं." शिकल्यासवरलेल्या बायका, घरात वयात आलेली मुलं असलेल्या. तिथे जेवढं बोलता आलं तेवढं बोलले. उरलेलं इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण वाचा.

लक्ष वेधून घ्यायचं असतं म्हणे. माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे डोंबिवलीला राहायची. मे महिन्यात, अंगाची नुसती चिकचिक होत असताना, ही पोरगी पूर्ण बाह्यांचे टॉप घालून फिरायची. कपडे स्वतःचे स्वतः धुवायची. लक्ष वेधून घेणाऱ्या माणसाची ही लक्षणं? जिवाच्या आकांताने लपवत असतात ही मुलं! (हे तिला विचारून लिहितेय. "लिही, पण नाव नको" म्हणाली.)

एका रात्री बरीच उशिरा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हाताला काहीतरी काम दे ना." बस, एवढंच. मी दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी वालांना मोड आणून ठेवले होते. त्यावर कोमट पाणी ओतलं, परात मधे घेतली आणि दोघी जमिनीवर बसून डाळिंब्या सोलायला लागलो. ज्यांनी सोलल्यात त्यांना माहीत आहे, त्या कामात दोन्ही हात गुंततात. दाणा चिमटीत धरायचा, अलगद दाबायचा, डाळिंबी सुळकन बाहेर येते, साल बोटांना चिकटून राहतं. जास्त दाबलं की दोन फाका होतात. अर्धी परात झाल्यावर ती खाली मान घालूनच बोलायला लागली. मी काही विचारलं नाही. बाही वर कर, दाखव, असं तर अजिबात नाही.

जे सांगितलं ते थोडक्यात असं, की मनात इतका कल्लोळ होतो की दुसरं काही ऐकूच येत नाही. इजा करून घेतली की तेवढ्यापुरतं थांबल्यासारखं वाटतं, आणि मग दुप्पट लाज. त्या लाजेपायी पुन्हा तेच. तिला मरायचं नव्हतं. मी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का गं?" हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, आपण विचारलं तर पोरीच्या डोक्यात ते येईल म्हणतात. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. आणि उत्तर "हो" आलं तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही, थेट इस्पितळात जायचं, गरज पडली तर १०८ ला फोन करायचा. "नाही" आलं तरी प्रकरण हलकं धरायचं नाही, कारण आज जीव द्यायचा नसला तरी ज्याला ही सवय जडते त्याचा पुढचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

आता कुणीतरी म्हणेल, डाळिंब्या सोलून आजार बरा होतो का. नाही होत. त्या डाळिंब्यांनी ती एक रात्र निघाली. उपचार दुसऱ्या दिवशी सुरू झाले आणि ते सरळसोट झाले नाहीत. पहिल्या मॅडमनी "ध्यान करा, सकारात्मक विचार करा" सांगून फी घेतली. तिथून निघालो ते परत गेलो नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्याकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, आणि तिथे खरं काम झालं. एका कागदावर तिच्याकडूनच लिहून घेतलं त्यांनी: स्वतःला इजा करून घ्यायचा उमाळा येतोय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटीने काय करू शकते, कुणाला फोन करू शकते, कुठल्या वस्तू हाताशी असता कामा नयेत. त्या वस्तू मी माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या, तिच्या संमतीने. तो कागद तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. "एकटीने काय करू" याखाली तिने लिहिलं होतं: तोंडावर गार पाणी मारणं, जिना भराभर चढणं-उतरणं, पंधरा मिनिटं थांबणं, मग आणखी पंधरा. आणि शेवटी: मावशीकडे काम मागणं.

पंधरा मिनिटांचं कारण असं, की हा उमाळा लाटेसारखा असतो. चढतो, अगदी असह्य होतो आणि तुम्ही काहीही न करता ओसरतो. तो चढलेला असताना तो कधी ओसरेल यावर विश्वासच बसत नाही, म्हणून कागद लागतो आणि माणूस लागतं. गार पाण्याने हृदयाचे ठोके खरंच मंदावतात, ती शरीराचीच प्रतिक्रिया आहे (हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं). यातलं बरंचसं डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाच्या, असह्य भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतलं. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती बांधली, १९९१ साली तिच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की सतराव्या वर्षी आपण स्वतः याच त्रासापायी इस्पितळात होतो. आमच्या डब्याच्या टेबलाने त्यांनाही "नाटकं" म्हणून मोडीत काढलं असतं!

मधे एकदा पुन्हा घडलं. परीक्षेच्या आधी. ती स्वतः सांगायला आली, तोंड एवढंसं करून. माझी बहीण, म्हणजे तिची आई, चिपळूणहून धावत आली आणि म्हणाली, "माझी शपथ घे, पुन्हा करणार नाहीस." ताईचा जीव तुटत होता, मला कळत होतं. पण डॉक्टरांनी शपथ घालू नका म्हणून सांगितलं. शपथ मोडली की पोर पुढच्या वेळी सांगायला येत नाही, एवढाच त्याचा परिणाम. त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी रागावणं वगैरे काही केलं नाही. "त्याआधी दिवसभरात काय काय झालं?" एवढंच विचारलं आणि दोघी तो दिवस तासातासाने बघत बसल्या.

आणि शाळेबद्दल बोलायलाच हवं. एकीचं बघून दुसरी करते, हे घडतं. मान्य. मोबाईलवर नको ते दिसतं, तेही मान्य. मग शाळेने काय करायला हवं होतं? तिला बाजूला घेऊन शांतपणे बोलायचं, समुपदेशकाकडे न्यायचं, वर्गात चर्चा होऊ द्यायची नाही. यांनी तर वर्गादेखत बाही वर करायला लावून स्वतःच तमाशा केला आणि वर परिणामाची काळजी! ज्या मुलीला चार माणसांत, मैत्रिणींत राहायची सगळ्यात जास्त गरज आहे तिला घरी एकटीला बसवायचं, हे कुणाच्या डोक्यातून येतं? संताप होतो नुसता. मुलगा असता तर "मारामारी केली असेल" म्हणून कुणी पाहिलंही नसतं. मुलगेही हे करतात बरं का.

पैशांचं म्हणाल तर खरं आहे, खासगीत हे सगळं महाग आहे, आणि आम्हाला झेपलं ते सगळ्यांना झेपत नाही. पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखल करावंच लागतं असं नाही. आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पोलिसांची लफडी नकोत म्हणून बरेच जण दवाखाना टाळतात. स्वतःला इजा करून घेणं हा गुन्हा नाही. अगदी जीव द्यायचा प्रयत्न झाला असला तरी २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा त्या माणसाला तीव्र तणावाखाली धरतो आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. उपचारांची माहिती गुप्त ठेवायची हेही त्याच कायद्यात आहे.

माझ्या यादीत कॉलेजातली बरीच मुलंमुली आहात, भाचरं आहात, त्यांच्या मैत्रिणी आहात. तुमच्यापैकी कुणी हे वाचताना बाही खाली ओढली असेल तर, बाळा, तू वाईट नाहीस आणि वेडीही नाहीस. तुला जे सहन होत नाहीये ते सहन करण्याचे दुसरे मार्ग आहेत आणि ते शिकता येतात, शिकवणारी माणसं आहेत. सगळं सांगायची गरज नाही. माझी भाची तरी कुठे सगळं सांगत आली होती? हाताला काम मागत आली होती. तुला ज्या कुणाकडे मागता येईल त्यांच्याकडे आजच माग. घरात तसं कुणी नसेल तर १४४१६ लाव. तिथे कसं बोलायचं ते सुचत नसेल तर मला मेसेज कर, आपण दोघी मिळून फोन लावू.

त्या नववीतल्या मुलीच्या आईचा नंबर मी मैत्रिणीकडून मागितलाय. आधी त्या माउलीला विचारून बघेल म्हणाली, ते बरोबरच आहे. सोमवारी त्यांना शाळेत पुन्हा बोलावलंय. त्या हो म्हणाल्या तर मी रजा टाकून सोबत जाणार आहे. ठाणे-डोंबिवली भागात किशोरवयीन मुलांसोबत काम करणारं, शाळेशी नीट बोलू शकेल असं कुणी ओळखीचं असेल तर मला आज रात्रीच मेसेंजरवर कळवा. त्या मुलीचं किंवा शाळेचं नाव कुणी विचारू नका, सांगणार नाही.