आधी फुटेज द्या

कोठडीत माणूस दगावला तर घरच्यांची नुकसानभरपाई वाढवावी, असं एका लेखात म्हटलंय. वाढवायलाच हवी. पण त्या घरच्यांना त्याआधी पुरावा हवा असतो आणि तो नेमका ज्यांच्यावर आरोप आहे त्या पोलिसांच्याच ताब्यात असतो!

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. गेट, लॉकअप, व्हरांडा, ठाण्याची मागची बाजूसुद्धा. चित्रण १८ महिने जपायचं, ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर. कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. मग "कॅमेरा बंद होता" हे उत्तर कोर्टात चालतंच कसं?

ख्वाजा युनूसच्या आईचं बघा. घाटकोपर स्फोटाच्या तपासात पकडलेला, परभणीचा इंजिनिअर मुलगा. जानेवारी २००३ मध्ये नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. सीआयडीच्या तपासात ते कुभांड निघालं, तो कोठडीतच दगावल्याचं समोर आलं. आरोपी पोलीस निलंबित झाले खरे, पण २०२० मध्ये त्यातले चौघे परत कामावर घेतले गेले, खटला चालू असताना! त्या माउलीने एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या कशासाठी?

माझं म्हणणं एवढंच, की तक्रार येताच ते फुटेज न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सील करून ताब्यात घ्यावं आणि एक प्रत कुटुंबाला द्यावी. कॅमेरा बंद निघाला तर प्रभारी अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल करा.