पहिला तांब्या

आमची बाथरूम चार बाय सहाची. एक बादली, एक तांब्या, एक पाट आणि मी, एवढ्यातच हाउसफुल्ल. अशा ठिकाणी रिलॅक्स व्हायला जावं, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पण वाढदिवसाला भाचीने पुदिन्याच्या इसेन्शियल ऑइलची बाटली दिली. १५ मिली. "मामा, आंघोळीच्या पाण्यात घाल, सगळा स्ट्रेस जाईल." डिसेंबरातला रविवार होता, गीझर तापलेला होता. म्हटलं, जाऊ दे स्ट्रेस.

बाटलीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'डायल्यूट करून वापरा' असं लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं, खोटं कशाला बोलू! दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिली आणि बादली २० लिटरची. म्हणजे ४०,००० भागांत एक भाग. याहून पातळ हवं तर होमिओपॅथीवाल्यांकडेच जावं लागलं असतं.

गणित चोख होतं. फक्त तेल पाण्यात विरघळत नाही, एवढं शाळेतलं विज्ञान राहून गेलं. दहाच्या दहा थेंब वर तवंग धरून बसले होते आणि तांब्या आपण बुडवतो तो वरूनच. माझे ते ४०,००० भाग राहिले बादलीत. थेंब बहुतेक सगळे पहिल्या तांब्यात आले, तिथून पाठीवर, आणि पाठीवरून उताराने जिथे जायचं तिथे.

पहिली दहा सेकंद टूथपेस्टच्या जाहिरातीत असल्यासारखं वाटलं. मग आग की गारठा, ते ठरेना. अंगावर कढत पाणी आणि दात कडकडा वाजतायत. कातडीला गारवा कळवणारा जो रिसेप्टर असतो, त्याला पुदिन्यातलं मेन्थॉल चक्क फसवतं. तो रिसेप्टर शास्त्रज्ञांनी मेन्थॉल वापरूनच हुडकला, आणि त्यातल्या दोघांना २०२१ चं नोबेलही मिळालं. मला टॉवेलसुद्धा सापडत नव्हता.

घाबरून आणखी पाणी ओतलं. पाण्याने तेल जाईना, नुसतं पसरलं. जे अवयव आतापर्यंत तटस्थ होते, तेही सामील झाले. त्यात फरशी निसरडी. पाट सरकला, मी नळाला लोंबकळलो.

"अहो, काय पडलं?" बाहेरून बायको.

"काही नाही!" आवाज शाळकरी मुलीसारखा निघाला.

मग आई आली. सगळं ऐकून घेऊन दाराच्या फटीतून म्हणाली, "अरे, लवंगेचं तेल दाताला लावतानासुद्धा आपण कापसावर थेंबभर घेतो. तू बादलीत ओतलंस? पाणी ओतणं बंद कर आधी. खोबरेल देते, ते चोळ, वरून बेसन लाव आणि मग धू."

नरकचतुर्दशीला दरवर्षी हेच तर करतो आपण: आधी तेल, मग उटणं, मग पाणी. पुदिन्याचे दोन थेंब आधी चमचाभर खोबरेलात मिसळले असते, तर हा तमाशा झालाच नसता. पण आईकडून आलेली माहिती बाटलीवर छापून आल्याशिवाय आम्हाला पटत नाही. इथे तर छापूनही आली होती.

अर्ध्या तासाने बाहेर आलो. अंगाला खोबरेल, कानामागे बेसन, रोमारोमांत पुदिना. बायकोने एकदा नाक ओढून वास घेतला आणि म्हणाली,

"कांदा तेवढा राहिला."